जाड लॉकबॅक फोल्डिंग चाकू: आंब्याचा सीझन आणि पावसाळा काढल्यावरचा अनुभव

आधी चाकू कुठल्या जातीचा ते सांगतो. अमेरिकेत बक नावाच्या कंपनीने १९६४ मध्ये ११० नंबरचं मॉडेल काढलं, दोन्ही टोकांना पितळ, मध्ये काळपट लाकूड, पातं पावणेचार इंच, उघडल्यावर लॉक होणारं, आणि वजन ७.२ औंस म्हणजे दोनशे ग्रॅमच्या वर. शिकारी लोकांसाठी काढला होता, तिकडे कंबरेला मोठा सुरा लटकवायचा नाही पण काम सुऱ्याचं व्हायला पाहिजे म्हणून. त्याच्या नकला इतक्या निघाल्यात की आता ती एक जातच झालीय. माझा त्याच जातीचा आहे पण दुसऱ्या एका कंपनीचा, ४४०सी नावाच्या स्टेनलेस स्टीलचा. मेव्हण्याने मस्कतहून येताना चेक-इन बॅगेत टाकून आणला. नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि एका नगावरून कोणाला नावं ठेवायची नाहीत.

मी रत्नागिरी साइडला, आंबा, काजू, थोडी पोफळी. म्हणजे चाकू शोकेसमध्ये राहिलेला नाही, रोज कंबरेला, घाम, चीक, खारी हवा, माती सगळं खाऊन झालंय.

पहिली गोष्ट वजन. खिशात ठेवायचा विचारच सोडा, हाफपँटच्या खिशात टाकला तर पँट एका बाजूने खाली यायला लागते. क्लिप नाही. पट्ट्याला अडकवायचा चामड्याचा पाऊच येतो सोबत, तोच वापरायचा. पण हातात घेतल्यावर हेच वजन आवडायला लागतं, म्हणजे सुतळीचा गठ्ठा कापताना किंवा खताची गोणी उघडताना दाबावं लागत नाही, चाकू आपल्या वजनानेच उतरतो. मूठ जाड आहे, ओल्या हातातून सटकत नाही, आणि तासभर काम केलं तरी तळव्याला वळ उठत नाहीत, जे त्या पातळ पत्र्याच्या मुठीवाल्या चायनीज चाकूंनी हमखास उठतात.

सीझनमध्ये कामं कसली तर खोक्यांची सुतळी, बॉक्सच्या प्लास्टिक पट्ट्या, शेडनेट, ठिबकची १६ एमएमची लॅटरल (पाण्याची बारीक नळी) सरळ कापायची, फवारणीच्या एचटीपी पाइपचं फाटलेलं टोक छाटून परत क्लॅम्पवर चढवायचं, केबल सोलायची. ह्या सगळ्याला कोयता फार मोठा आणि ब्लेड फार नाजूक, त्या मधल्या जागेत हा चाकू फिट बसतो. शेजारचे अण्णा पहिल्यांदा बघून म्हणाले "ह्यानं काय पेन्सिली तासणार रे?" आणि मे महिन्यात तेच दिवसातून चारदा "अरे तो तुझा पितळी दे बघू जरा".

आता हेवी-ड्यूटी म्हणजे काय ह्यावर थोडं बोलायला पाहिजे कारण यूट्यूबवर लोक लॉकला वजनं लटकवतात, पातं लाकडात ठोकून वाकवतात आणि मग म्हणतात हा दणकट. बरं, असेल. पण आपल्याकडे दणकट कामाला कोयता आहे ना, आकडीला लटकलेला, बागेतल्या नेपाळी गड्यांकडे खुकरी आहे, फांदी तोडायला, बांबू फोडायला, नारळाला कोण घडीचा चाकू काढणारे? माझ्या लॉकवर आजपर्यंत खरा ताण आलाच नाही. ताण आला तो चिकाचा. कोकणात फोल्डिंग चाकू मोडून मरत नाही, तो चिकटून मरतो.

लॉकची रचना सांगतो म्हणजे समजेल. मुठीच्या पाठीत एक लोखंडी दांडा असतो, खाली स्प्रिंग, त्याच्या टोकाला दात, आणि पात्याच्या बुडाला खाच. पातं पूर्ण उघडलं की दात खाचेत पडतो, "टक". बंद करायचं तर मागच्या टोकाला अंगठ्याने दांडा दाबायचा, दात वर येतो आणि मग दुसऱ्या हाताने पातं मिटायचं. साधं आणि पक्कं काम, पण त्या खाचेत काही अडकलं की दात पूर्ण बसत नाही. सुतळीचा कोंडा, माती, पोफळीचा काथ्या, आणि सगळ्यात बेकार म्हणजे फणसाचा चीक. चाकू उघडताना आवाजाकडे लक्ष द्या, नेहमीचा खणखणीत टक आला तर ठीक, आवाज बसका आला तर आत काहीतरी आहे, तसाच वापरू नका कारण पातं बोटांवर मिटू शकतं.

फणस ह्याने कापू नये हे खरं. पण बागेत एखादा पिकलेला सापडला आणि हाताशी दुसरं काही नाही तर माणूस काय करणार. पात्याला आधी खोबरेल लावून घ्यायचं, मग चीक पात्याला धरत नाही, पुसलं की निघतो. भानगड सांध्यात होते, तिकडे तेल लावायला आपण विसरतो आणि चीक आत जाऊन वाळला की दुसऱ्या दिवशी पातं नखाने उघडतच नाही. पाण्याने, साबणाने फणसाचा चीक जात नाही. पूर्वी रॉकेल होतं घरात, आता ते मिळणं मुश्किल, मी डिझेलमध्ये चाकू अर्धा उघडून बुडवून ठेवतो, जुना टूथब्रश मारतो, मग साबण, मग गरम पाणी, मग उन्हात. खायचं काही कापणार असाल तर हे साबणाचं प्रकरण दोनदा करा, नाहीतर काकडीला डिझेलचा वास.

तेलाचं पण सांगतो कारण आपल्याकडे सगळ्याला खोबरेल हे एकच औषध. पात्यावर पुसायला खोबरेल चालतं, सांध्यात नको. थंडीत सकाळी ते थिजतं आणि जुनं झालं की चिकट होऊन धूळ धरतं. सांध्यात शिलाई मशीनचं तेल, एकच थेंब, उघड-मीट करून बाहेर आलेलं पुसून टाकायचं.

आंब्याचा चीक वेगळ्या प्रकारे त्रास देतो. देठ छाटताना जो चीक उडतो तो पात्यावर राहिला तर डाग पाडतो, कैरीचा रस पण तसाच आंबट. ४४०सी म्हणजे स्टेनलेस, असं म्हणून मी निवांत होतो, पण स्टेनलेसला गंज उशिरा लागतो, लागतच नाही असं काही नाही. माझ्या पात्यावर नखाने उघडायला जी खाच असते तिच्यात आणि खाली जिथे पातं मुठीत शिरतं तिथे बारीक तांबूस ठिपके आलेत. पात्याच्या सपाट भागावर काही नाही. म्हणजे जिथे पाणी साचतं तिथेच. मुठीतला लॉकचा दांडा आणि स्प्रिंग मात्र पात्याइतक्या चांगल्या स्टीलचे नसावेत, तिथे पहिल्याच पावसात गंजाची पूड दिसली. इतक्या किमतीच्या चाकूत ही कंजूषी मला पटली नाही.

पाऊच. ह्याच्यावर माझा खरा राग आहे. चामडं जाड, शिलाई मस्त, बटण पण टिकलं, पण पावसाळ्यात दोन दिवस कपाटात राहिला की पांढरी बुरशी, आणि चाकू आत ठेवलेला असेल तर पितळेवर हिरवा थर. चामडं कमावताना जे आंबट पदार्थ वापरतात ते ओलसर हवेत पितळेला खातात, त्यामुळे ही गोष्ट कोणत्याही कंपनीच्या पितळ-चामडं जोडीला होणार. उपाय एकच, रात्री चाकू बाहेर काढून ठेवायचा. हिरवं आलेलं घालवायला पितांबरी आहेच, नाहीतर आमसूल भिजवून चोळा, आई तांब्याभांड्यांना करते तसं. फक्त आमसुलाचं पाणी सांध्यात जाऊ देऊ नका आणि नंतर धुवून खडखडीत कोरडा करा. मी आता पितळ चकचकीत करायच्या भानगडीत पडत नाही, तपकिरी झालंय, छान दिसतंय.

धार. ह्या जातीच्या चाकूंना बहुतेक पोकळ घासणी असते, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू आत दबलेल्या, त्यामुळे धारेजवळ पातं पातळ होतं आणि सुरसुर कापतं. ४४०सी ची धार सुतळी-गोणीच्या कामात मला साधारण आठवडाभर पुरते, त्यानंतर टोमॅटोवर घसरायला लागते. खताच्या गोण्या वाटतात त्यापेक्षा वाईट, त्यांच्यावर बसलेली धूळमाती धार खाते. मी डायमंड प्लेटवर लावतो, आधी ४०० ग्रिटची (खरखरीत), मग १००० ची (बारीक), मग कंबरेच्या जुन्या पट्ट्याच्या उलट्या बाजूवर दहाबारा हात. हार्डवेअरच्या दुकानातला दुतोंडी दगड पण चालतो, फक्त वेळ लागतो. सायकलवरच्या चाकाने धार लावणाऱ्याकडे देऊ नका, तो विळी-कोयत्याच्या सवयीने रेटतो, ठिणग्या उडतात, धार निळी पडली की तिथलं पाणी उतरलं समजा.

टोक पातळ आहे हे लक्षात ठेवा. खोक्याचा खिळा उचकटायला, डब्याचं झाकण उघडायला पकड नाहीतर जुना स्क्रूड्रायव्हर. कलमं बांधायलाही हा उपयोगाचा नाही, काडीला तिरका सपाट काप एका झटक्यात यायला लागतो, त्याला कलमाचा एका बाजूने घासलेला पातळ चाकूच लागतो, ह्याने काप लाटेसारखा येतो आणि जोड नीट बसत नाही. मासे पण नको, खवलं लॉकच्या खाचेत जातं आणि वास आठवडाभर जात नाही.

एका हाताने उघडत नाही ही काहींना अडचण वाटेल. झाडावर चढून एका हाताने फांदी धरली असेल तर हा चाकू उघडायचा नादच सोडा. मला स्वतःला हे बरंच वाटतं, घरात पोरं आहेत आणि स्प्रिंग चांगली कडक आहे, लहान हाताला पातं निघत नाही.

कायद्याचं लोक सारखं विचारतात म्हणून. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात, त्यात पण घरगुती आणि शेतीच्या कामाची वगळलीत. हा त्याच्या निम्म्याहून कमी. तरी पण जमावबंदी, निवडणूक, सणाच्या बंदोबस्तात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ कलमाचे आदेश निघतात तेव्हा शहरात कंबरेला लावून हिंडू नका, आणि विमानाला हँडबॅगेत तर नाहीच. मी एसटीने चिपळूणला जाताना पण घरी ठेवून जातो, तिकडे बाजारात काय करायचाय तो.

घ्यायचा असेल तर शक्यतो हातात घेऊन बघा. उघडून पातं डावी-उजवीकडे हलवा, किंचित सुद्धा खडखड नको. मग पातं उघडं असताना पाठीवर तळव्याने दाबा, लॉक वरखाली हलतोय का बघा, माझा नवीन असताना हलत नव्हता, आता केसभर हलतो, इतक्या वापराला चालतं. मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसतंय ना ते वरून डोकावून बघा, एका बाजूला घासत असेल तर दुसरा नग मागा. आणि लाकूड नि पितळ जिथे जुळतात तिथे नख फिरवा, नख अडकलं तर पावसात लाकूड फुगल्यावर तिथेच फट वाढणार.