माईकची वायर: मोनो जॅकची घ्यावी की दोन्हीकडे एक्सएलआर?

भजनी मंडळासाठी किंवा गणेशोत्सवासाठी माईकची वायर घ्यायला गेलात की दोन प्रकार समोर येतात. एकीच्या दोन्ही टोकांना तीन पिनांचा एक्सएलआर असतो, ती बॅलन्स्ड. दुसरीला माईककडे एक्सएलआर आणि मिक्सरकडे जाड मोनो जॅक, ती अनबॅलन्स्ड.

मोनो जॅकचं कव्हर फिरवून उघडा. आत एकच रंगीत तार आणि तिच्याभोवतीची शिल्डची जाळी दिसेल. सिग्नल तारेतून जातो आणि जाळीतून परततो. बाहेरचा त्रास अडवायचं कामही त्याच जाळीवर. माईकचा सिग्नल असतो जेमतेम काही मिलिव्होल्टचा. शेजारून 230 व्होल्टची लाइन गेली असेल तर 50 हर्ट्झचं हमिंग त्यात शिरतं आणि मिक्सर गाणं आणि हमिंग दोन्ही सारखंच मोठं करतो. सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागून यंत्रमाग चालतात, होम मैदानासारख्या जागी लाइटच्या वायरी शेजारून जातात; तिथे हा त्रास हमखास होतो.

बॅलन्स्ड वायरीत जाळीच्या आत एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा असतात, 2 आणि 3 नंबरच्या पिनेला जोडलेल्या. बाहेरचा त्रास दोघींवर जवळपास सारखाच पडतो. मिक्सर दोघींमधला फरक तेवढा घेतो, त्यामुळे सारखा पडलेला त्रास वजा होतो. पीळ देण्याची ही युक्ती टेलिफोनच्या काळातली. ग्रॅहॅम बेल यांनी 1881 मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. मात्र दोन्ही तारांचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, सारखा राहिला तरच हे जमतं. 3 नंबरच्या पिनेचं सोल्डर कच्चं असेल तर महागड्या वायरीतही हमिंग येतं. म्हणून सोन्याचा मुलामा बघण्यापेक्षा कव्हर उघडून सोल्डर बघा.

माझा कौल स्पष्ट आहे: माईकची वायर पाच-सहा मीटरच्या वर जाणार असेल तर दोन्हीकडे एक्सएलआरच घ्या. कंडेन्सर माईकला 48 व्होल्टचा फँटम (मिक्सरकडून त्याच वायरीतून माईकला मिळणारी वीज) लागत असेल तर दुसरा पर्यायच नाही, मोनो जॅकमधून तो नीट पोहोचत नाही. कीबोर्ड किंवा मोबाइल दोन-तीन मीटरवरून मिक्सरला जोडायचा असेल तर साधी वायर पुरते, तो सिग्नल मुळातच दणकट असतो.

घेण्याआधी तुमच्या अँप्लिफायरची मागची बाजू बघा. माईकसाठी फक्त मोनो जॅकचीच सोय असेल तर लांब एक्सएलआर वायर टाकून अँप्लिफायरजवळ ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर लावावा लागेल.

आणि हमिंग घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीच काढू नका. हमिंग जाईल, पण आत बिघाड झाला तर करंट माईकच्या धातूपर्यंत येऊ शकतो, आणि गाणाऱ्याचे ओठ तिथेच असतात. त्यापेक्षा मिक्सर आणि अँप्लिफायर एकाच बोर्डवरून, एकाच अर्थिंगवर चालवा.