मालवणातला स्पोकन इंग्लिश क्लास: मच-मेनी एकदाचं डोक्यात बसलं

आमचं तारकर्लीला न्याहरी निवास आहे, पाच खोल्या. मागच्या डिसेंबरात बंगळुरूच्या एका पार्टीने व्हॉट्सअॅपवर विचारलं रूम्स आहेत का, मी लिहिलं ‘यस, फ्यू रूम्स अव्हेलेबल’. तीन खोल्या रिकाम्या होत्या हो, पण ते आठजण, त्यांना वाटलं हिच्याकडे जेमतेम एखादी असेल, गेले देवबागला. माझं काय चुकलं ते ह्या पावसात क्लास लावला तेव्हा कळलं. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे नसल्यातच जमा, आणि ‘अ फ्यू’ म्हणजे आहेत की थोड्या. ‘लिटल’चंही तसंच, ‘अ लिटल हॉट वॉटर’ म्हटलं तर पाहुणा आंघोळीला जातो, नुसतं ‘लिटल’ म्हटलं तर थांबतो.

क्लास बाजारात वरच्या मजल्यावर, महिन्याचे पंधराशे, संध्याकाळी दीड तास. बाई शिकवतात फार छान. काउंटेबल-अनकाउंटेबल शाळेत पाठ केलेलं, पण बाईंनी फळ्यावर पोहे, तांदूळ, केस, पैसे एवढंच लिहिलं आणि विचारलं मराठीत हे एक की अनेक? सगळे अनेक! थोडे पोहे, किती पैसे, केस गळतात. आणि आपलं ‘किती’ दोन्हीकडे चालतं, किती पाणी, किती माणसं, म्हणून तोंडातून ‘हाउ मेनी मनी’ येतं. इंग्रजीत हे चारही न मोजायचे, हाउ मच राइस, हाउ मच मनी, अ लिटल पोहा. रुपये मात्र मोजायचे, हाउ मेनी रुपीज. आणि जेवणात एखादा केस सापडलाच तर तो ‘अ हेअर’, हे खानावळवाल्यांनी लक्षात ठेवाच.

कोळंबीचं बरोब्बर उलटं. आपण म्हणतो थोडी कोळंबी वाढ, ते म्हणतात ‘अ फ्यू प्रॉन्स’. मासे समुद्रात असले की ‘मेनी फिश’, ताटात आले की ‘हाउ मच फिश’. सोलकढी कायम ‘अ लिटल’, पण ग्लास मोजले तर ‘हाउ मेनी ग्लासेस’.

माझ्या शेजारी बसायच्या त्या काकी पहिल्या दिवशी ‘माका काय जमाचा नाय’ म्हणत होत्या, त्या ‘इन्फर्मेशन्स’ म्हणाल्या तर बाईंनी विचारलं, तुम्ही कधी ‘माहित्या’ म्हणता का? झालं, परत कोणी चुकलं नाही. लगेजही तसंच, आपलं सामान, बॅगा मोजायच्या, सामान नाही. अडलात तर ‘अ लॉट ऑफ’ म्हणा, दोन्हीकडे चालतं.

कमी काय वाटलं तर, लेस आणि फ्युअर शेवटच्या दिवशी घाईत उरकलं. फ्युअर गेस्ट्स, लेस वॉटर इथपर्यंत ठीक, पण मालवण स्टँडपासून तारकर्ली ‘लेस दॅन टेन किलोमीटर्स’ का, किलोमीटर तर मोजता येतात ना, हे मी विचारलं म्हणून सांगितलं, की अंतर, वेळ, पैसे एकगठ्ठा धरतात म्हणून लेस. ह्याला एक अख्खा दिवस द्यायला हवा होता. शिवाय वीसजणांच्या बॅचमध्ये प्रत्येकाला बोलायला फार थोडा वेळ मिळतो, आणि लाइट गेली की अंधारात बसायचं.

तरी साडेचार स्टार. होमस्टे, खानावळ, होडीवाले, सगळ्यांनी मासेमारी बंदीच्या दिवसात लावून टाका, बॅच गणपतीआधी संपते. परवाच एकाला लिहिलं ‘अ फ्यू रूम्स’, दोन खोल्या बुक झाल्या.