रग्बी कधी सुरू करावं: आठव्या वर्षी, पंधराव्या की पस्तिशीत?

आठ वर्षांचं पोर चेंडूसकट आपटतं आणि हसत उठतं. पस्तिशीतला नवखा पडताना आधी हात टेकवतो आणि मनगट दुखावून घेतो. वयाचा फरक मला वेगात दिसतो त्याहून जास्त या पडण्यात दिसतो.

मुलाला घालायचं असेल तर टॅग रग्बी. कमरेच्या पट्ट्याला दोन रिबिनी असतात, त्यातली एक ओढली की टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवणं, झाला. इंग्लंडमध्ये आठ वर्षांखालच्या गटापर्यंत हेच खेळतात, धरून पाडणं नऊ वर्षांखालच्या गटात येतं. या वयात एकच गोष्ट कमवायची: पळता पळता डावीकडे आणि उजवीकडे सारख्याच सफाईने मागे पास देणं. आठ वर्षांच्या मुलांना फळ्यावर डावपेच समजावणारा प्रशिक्षक दिसला, तर सरळ दुसरा शोधा.

पंधराव्या वर्षाचं गणित अवघड. गट वयावर पाडले, तर एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि समोरचा अजून काडीसारखा. म्हणून एकोणीस वर्षांखालच्या खेळात स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू खांद्याला खांदा भिडवून रेटतात तो घोळका, दीड मीटरपेक्षा जास्त रेटता येत नाही. पण टॅकल नीट बसवायचा तर हाच काळ: आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग पळत. बाजूने जाताना डोकं समोरच्याच्या मागे, गाल त्याच्या बुडाला, खांदा मांडीत आणि दोन्ही हातांची मिठी. डोकं त्याच्या पुढ्यात गेलं की गुडघा कपाळावर बसलाच समजा. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत आत नाही. हा नियम सांभाळायला जिथे कंटाळा करतात, तिथे मुलाला पाठवू नका.

विशीत दुसऱ्या खेळातून येणाऱ्यांना सेव्हन्स जमतं. मैदान पूर्ण, माणसं सातच, त्यामुळे वेगाला भाव. अमेरिकेचा धावपटू कार्लिन आइल्स 2012 मध्ये रग्बीकडे वळला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये खेळला. वेग त्याच्याकडे आयता होता, हे मात्र विसरू नका. स्क्रमची पहिली फळी अशी ऐन वेळी जमत नाही. तिथे मानेवर भार येतो, आणि नियमानेही तिथे शिकून तयार झालेलाच खेळाडू लागतो.

पस्तिशीनंतर मी टच रग्बीच सुचवेन. सहा-सहा जण, धक्काबुक्की नाही, टॅकलऐवजी नुसता हात लावायचा, सहाव्या स्पर्शाला चेंडू समोरच्यांकडे. मोकळी जागा हेरणं मोठ्यांना पोरांपेक्षा लवकर कळतं. पास मात्र मागे द्यायचा असतो आणि सवयीने पुढेच जातो, ती मोडायला काही महिने लागतात. तरीही टॅकलचीच हौस असेल, तर पहिले काही आठवडे मॅटवर फक्त पडायला शिका: चेंडू छातीशी घट्ट, हनुवटी आत, आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा.