पहिल्यांदाच मोठ्या रंगमंदिरात संगीत नाटक सांभाळताना: ऑर्गन की कीबोर्ड?

झुबिन मेहता १९६५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदा संचालनाला उभे राहिले, ते वेर्दीच्या ‘आयदा’साठी. तिथे संचालक रंगमंचासमोरच्या पिटात, गायकाच्या समोर असतो. आपल्याकडे ते काम बरंचसं ऑर्गनवाल्याकडे (ऑर्गन म्हणजे पायाने भाता चालवून वाजवायची मोठी पेटी) येतं आणि तो बहुतेक वेळा विंगेत बसलेला असतो. त्याचा हात गायकाला दिसत नाही, ऐकू येतो तो सूर. म्हणून संभाजीनगरच्या संत एकनाथ रंगमंदिरात किंवा नांदेडच्या शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात पहिला प्रयोग असेल, तर वाद्याचा विचार तालमीच्या पहिल्या आठवड्यातच करावा.

पेटीचा प्रश्न लवकर मिटतो. एक हात भात्यावर अडकतो आणि खर्जाची भर कमी पडते.

कीबोर्डच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. एसटीतसुद्धा नेता येतो. नायक काळी एकमध्ये आणि नायिका काळी चारमध्ये गात असेल, तर ट्रान्सपोज (सूर वर-खाली सरकवण्याची सोय) +१ वरून −४ वर नेला की बोटं त्याच पट्ट्यांवर. बासरी साथीला असेल तर बारीक ट्यूनिंगने तिच्याशी जुळवून घेता येतं. जुन्या ऑर्गनची पट्टी आजच्या ४४० हर्ट्‌झच्या प्रमाण सुराशी जुळेलच असं नाही, आणि तबला त्याला लावून घेता आला तरी बासरीला तेवढी मोकळीक नसते. गोची होते ती वीज गेल्यावर. जनरेटर सुरू होईपर्यंत कीबोर्ड बंद पडतो, पुन्हा चालू होतो तेव्हा बऱ्याच मॉडेलमध्ये ट्रान्सपोज शून्यावर आलेला असतो, आणि काळी एकचं पद पांढरी एकमध्ये, म्हणजे अर्धा सूर खाली सुरू होतं. सेलवरही चालणारं मॉडेल घ्या किंवा मधे यूपीएस ठेवा.

ऑर्गनची कटकट वेगळी. घडीचा असला तरी उचलायला दोन माणसं लागतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, भात्याचं चामडं कडक होऊन चिरतं. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात. टेम्पोतून धूळ खात आला की एखादा सूर मुका होतो. मागची फळी काढून आकड्याने रीड (जिच्या जिभेतून सूर निघतो ती धातूची पट्टी) ओढावी, मऊ ब्रशने झटकावी. जिभेला खरवडू नये, सूर चढतो-उतरतो. पट्टी सोडल्यावरही सूर वाजत राहिला तर झडपेखाली कचरा आहे असं समजा. तीच पट्टी चार-पाच वेळा झटक्याने दाबली की बऱ्याचदा सुटतो. पायट्याचा (भात्यासाठी पायाने दाबायच्या फळीचा) पट्टा नेमका दुसऱ्या अंकात तुटतो, म्हणून नवारीचा तुकडा, स्क्रू आणि पेचकस जवळ हवेत. पायटे करकरत असतील तर मेण लावा. तेलावर धूळ बसते.

एवढं सगळं ऐकून कीबोर्डच बरा वाटेल. पण माझ्यापुरता निकाल एका गोष्टीने लागला: सूर देणं. नाट्यपद संवादाला चिकटून येतं. शेवटच्या दोन-तीन शब्दांखाली षड्ज अगदी हलका सरकवावा लागतो, तो गायकाने उचलला की मग आवाज भरायचा. कीबोर्डचा हा सूर गायकाकडे ध्वनीवाल्याच्या हातून जातो. त्याला नाटक पाठ नसतं. संवादात त्याने फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढलेला असतो आणि वर करेपर्यंत गायकाने स्वतःच्या अंदाजाने पद उचललेलं असतं. ते पाव सुराने जरी बाजूला गेलं तरी पहिली ओळ संपेपर्यंत तुम्ही त्याच्या मागे धावता, तबलजी समेची वाट बघत बसतो. ऑर्गनचा सूर विंगेतून थेट जातो, मधे कुणी नाही. शिवाय पायाच्या दाबावर तो वाढतो-उतरतो, तानेखाली दबतो. कीबोर्डला व्हॉल्यूम पेडल लावून हे जमतं म्हणतात, मला त्यात तो श्वास सापडला नाही. प्रत्येकाचं पाऊल वेगळं, हे मान्य.

ऑर्गन मिळत असेल तर तो सकाळीच रंगमंदिरात उतरवून घ्या, दुपारी सगळ्या पट्ट्या एकेक करून वाजवून पाहा. प्रेक्षागृहासाठी माइक मागच्या बाजूला, वरच्या अंगाला, वीतभर अंतरावर. खाली लावला तर त्यात पायट्यांची धडधड शिरते. कीबोर्डवरच भागवायचं असेल, तर डीआय बॉक्सच्या (कीबोर्डचा आवाज ध्वनीवाल्याकडे नेणाऱ्या डबीच्या) ‘थ्रू’ या दुसऱ्या जोडणीतून एक छोटा स्वतःचा स्पीकर विंगेत गायकाकडे तोंड करून ठेवा आणि त्याचं बटण ध्वनीवाल्याच्या हाती देऊ नका.