एलईडी हेडलाइट लुकलुकतेय: डीकोडर लावू की रेझिस्टर?
आधी जुना हॅलोजन बल्ब परत लावून बघा. तरीही दिवा लुकलुकला, तर दोष बहुधा अर्थिंगचा किंवा सॉकेटचा. मग डीकोडर (बल्ब आणि गाडीच्या वायरिंगच्या मधे जोडायची छोटी डबी) किंवा रेझिस्टर यांवर पैसे घालवू नका.

हॅलोजन साधारण ५५ वॅट खातो, एलईडी बराच कमी. त्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरला बल्ब गेल्यासारखं वाटतं आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. लोड रेझिस्टर बल्बला समांतर जोडला की जादा करंट ओढला जातो, इशारा बंद. पण ६ ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर २४ वॅटची नुसती उष्णता करतो. तो वायरिंगला किंवा प्लास्टिकला टेकलेला मला अजिबात चालत नाही. धातूच्या पत्र्यावरच घट्ट बसवा.

शिवाय काही गाड्या दिव्याला अखंड वीज न देता तुटक स्पंदनांत देतात. तिथे रेझिस्टर लावूनही लुकलुक राहू शकते. डीकोडरमधला कपॅसिटर मात्र ही स्पंदनं सपाट करतो, म्हणून लुकलुकीसाठी माझी पहिली पसंती डीकोडरलाच. अनेक डीकोडरांच्या आतही रेझिस्टर असतो, तेव्हा तेही तापतात; जागा मोकळीच निवडा.

रेडिओत खरखर येत असेल तर ती बहुधा बल्बच्या ड्रायव्हरची, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटची. वायरीवर फेराइटची रिंग चढवून बघा, नाहीतर बल्बच बदला.