भाव न पाडणारं गिऱ्हाईक

भोसरीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. दिवाळीच्या तोंडावर खोक्यांची मागणी एकदम वाढते आणि नेमकी तेव्हाच आमच्यासारख्यांना गाठणारी माणसं फिरत असतात. अशाच एका गिऱ्हाइकाने माल उचलून, पैसे न देता आम्हाला लुबाडलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं लिहितो आहे.

त्याचा पुण्यात नऱ्ह्याला भाड्याचा गाळा, दारावर पाटी, जीएसटी नंबर, बोलणं अतिशय नम्र. सुरुवातीच्या ऑर्डरी लहान, आणि माल पोचायच्या आत पैसे खात्यात. भावात घासाघीस अजिबात नाही. इथेच कान टवकारले पाहिजेत. खरा व्यापारी रविवार पेठेतला भाव ऐकवून खोक्यामागे चार आणे तरी तोडून घेतोच, कारण त्याला पैसे मोजायचे असतात. ज्याला मोजायचेच नाहीत, त्याला कुठलाही भाव परवडतो.

मग एकदम मोठी ऑर्डर, प्रचंड घाई आणि पुढच्या तारखेचा चेक. चेक भरला तर खातं बंद, गाळ्याला कुलूप. छपाईवाले, प्लास्टिकवालेही तिथे येऊन हात चोळत गेले होते.

जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख आणि रिटर्न भरल्याचा तक्ता लॉगिन न करताही दिसतो. जुना धंदा सांगणाऱ्या या पार्टीची नोंदणी जेमतेम काही महिन्यांची होती. मोठा माल सोडण्याआधी एवढं बघाच.

"आपले बुडाले, आता तुम्हीही कागदवाल्याला लटकवा," असा सल्ला आम्हाला बऱ्याच जणांनी दिला. मला तो पटला नाही. खोक्यांसाठी तपकिरी क्राफ्ट पेपर देणाऱ्या त्या कागदवाल्याला खरं काय ते सांगितलं, हप्ते बांधून घेतले, कामगारांचा बोनसही दिला. ते महिने फार कठीण गेले. पण त्याच कागदवाल्याने पुढे उधारीवर रोल दिले, म्हणून मशीन थांबलं नाही.

चेक परत आला तर गोड बोलण्यात दिवस घालवू देऊ नका. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. ती मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (चेक न वटल्याबद्दलच्या) कलम 138 खाली कोर्टात तक्रार करायची. समोरचा दुसऱ्या शहरात पळाला तरी घाबरू नका. चेक आपल्या खात्यात भरला असेल तर या कायद्याच्या 2015च्या दुरुस्तीनंतर आपली शाखा जिथे, तिथल्याच कोर्टात खटला चालतो. रिटर्न मेमो (चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी), माल पाठवल्याचं चलन आणि माल मिळाल्याची सही मात्र आजपासूनच फाइलला लावत चला.