उपासनाशास्त्रासाठी रोम की कॉलेजव्हिल? दोन बेनेडिक्टाईन ईशज्ञानशाळांचा तुलनात्मक आढावा

उपासनाशास्त्राचे, म्हणजे ख्रिस्ती उपासनाविधींच्या अभ्यासाचे, उच्च शिक्षण बेनेडिक्टाईन, म्हणजे संत बेनेडिक्ट यांची नियमावली पाळणाऱ्या कॅथलिक व्रतस्थांच्या, मठाच्या छायेत घ्यावे, असा ज्यांचा विचार आहे त्यांच्यासमोर दोन नावे हमखास येतात : रोममधील सांत आन्सेल्मो आणि अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील कॉलेजव्हिल येथील सेंट जॉन्स. 1955 साली कँडीहून पुण्यात आलेल्या पेपल सेमिनरीमुळे आपल्याकडे धर्मगुरूंचे शिक्षण म्हटले की येशूसंघीय (जेझुइट) आठवतात आणि अध्यापन हे त्यांचे ठरलेले कार्यच आहे. बेनेडिक्टाईनांचे तसे नाही. संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील नियमावलीत मठालाच ‘प्रभूच्या सेवेची शाळा’ म्हटले आहे खरे, पण त्या शाळेत पदवी मिळत नसे. म्हणून या दोन्ही ठिकाणी मठ आणि ईशज्ञानशाळा यांची गाठ कशी पडली, हे आधी पाहावे.

सांत आन्सेल्मोमध्ये शाळा आधी आली. पोप इनोसंट अकरावे यांनी 1687 साली स्थापलेले हे महाविद्यालय पुढे बंद पडले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोप लिओ तेरावे यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. आव्हेंतीन टेकडीवरच्या आजच्या वास्तूचे बांधकाम 1893 साली सुरू झाले. त्याच वर्षी, परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या बेनेडिक्टाईन मठांना एका धाग्यात आणण्यासाठी ॲबट प्रायमेट (मठाधिपतींमधील प्रमुख) हे पद निर्माण झाले आणि त्याचे स्थान याच वास्तूत ठरले. तेथे प्रार्थनेच्या घंटा नेमाने वाजतात. परंतु बहुतेक व्रतस्थ आपापल्या देशांतील मठांतून शिकण्या-शिकवण्यासाठी आलेले असतात आणि काम संपले की परततात.

सेंट जॉन्सची घडण नेमकी उलट आहे. पेनसिल्व्हेनियातील सेंट व्हिन्सेंट मठाचे व्रतस्थ 1856 साली जर्मन स्थलांतरितांच्या सेवेसाठी मिनेसोटात आले आणि 1857 मध्ये त्यांच्या शाळेला शासकीय सनद मिळाली. येथे मठ हा यजमान आहे. एकाच मठात आयुष्यभर राहण्याचे व्रत घेतलेल्या माणसांनी ही संस्था पिढ्यानपिढ्या वाढवली आणि त्या सलगपणाचा ठसा तिच्यावर स्पष्ट दिसतो.

गंमत अशी की, कॉलेजव्हिलच्या कीर्तीचे बी रोममध्येच पडले. सेंट जॉन्सचे व्रतस्थ व्हर्जिल मिशेल 1924 साली सांत आन्सेल्मोत शिकायला गेले असता तेथे अध्यापन करणाऱ्या बेल्जियन बेनेडिक्टाईन लांबेर बोदुएँ यांच्याशी त्यांचा परिचय झाला. उपासना ही केवळ धर्मगुरूंची नव्हे, तर सर्व भाविकांची कृती आहे, हा बोदुएँ यांचा आग्रह घेऊन मिशेल परतले. 1926 मध्ये त्यांनी ‘ओराते फ्रात्रेस’ हे नियतकालिक, म्हणजेच आजचे ‘वर्शिप’, आणि लिटर्जिकल प्रेस ही प्रकाशनसंस्था सुरू केली. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1963 साली उपासनाविषयक संविधान संमत केले. त्याच्या तयारीत सांत आन्सेल्मोचे चिप्रियानो वागाज्जिनी आणि कॉलेजव्हिलचे गॉडफ्री डीकमन या दोघांचाही सहभाग होता.

आज निवड करताना, मूळ ग्रंथांवर काम करून पोपमान्य डॉक्टरेट मिळवायची असेल, तर 1961 साली स्थापन झालेल्या सांत आन्सेल्मोच्या उपासना संस्थेला तोड नाही. उपासनेच्या सांस्कृतिक अनुरूपतेवर लिहिणारे फिलिपिनो बेनेडिक्टाईन आन्स्कार चुपुंग्को यांनी दीर्घकाळ तेथेच अध्यापन केले, हे आशियाई विद्यार्थ्याने अवश्य लक्षात घ्यावे. मात्र शिकवणे इटालियनमध्ये असते आणि लॅटिनशिवाय तेथे पान हलत नाही. ज्याला इंग्रजीतून पदव्युत्तर शिक्षण घेऊन धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) प्रत्यक्ष काम करायचे आहे, त्याने कॉलेजव्हिलचा विचार करावा. मार्सेल ब्रॉयर यांनी आराखडा केलेले, 1961 साली पूर्ण झालेले तेथील काँक्रीटचे मठमंदिर पहिल्या नजरेत रुक्ष वाटते. पण वेदीभोवती जमलेला समुदाय म्हणजे काय, हे ते व्याख्यानापेक्षा चांगले शिकवते.

सिरियाक, म्हणजे प्राचीन सिरियाक भाषेतून उपासना करणाऱ्या पौर्वात्य ख्रिस्ती, परंपरेच्या अभ्यासकासाठी मात्र पारडे माझ्या मते कॉलेजव्हिलकडेच झुकते. 1965 साली सुरू झालेल्या तेथील हिल संग्रहालय व हस्तलिखित ग्रंथालयाने केरळमधील सिरियाक हस्तलिखितांच्याही डिजिटल प्रती जतन केल्या आहेत. त्यांपैकी पुष्कळ घरबसल्या पाहता येतात, तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी त्या एकदा चाळून पाहाव्यात.